गर्भिणीचे सौमनस्य आणि वैद्याचे कर्तव्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २५ व्या अध्यायात श्रेष्ठ भावांची गणना करताना आचार्यांनी गर्भधारणेसाठी सौमनस्यास अग्रस्थान दिले आहे. शारीरस्थानाच्या ८ व्या अध्यायात, काठोकाठ भरलेले तैलपात्र न हिंदकळता सांभाळावे, तशी गर्भिणीची परिचर्या करावी, असा उपदेश आहे. येथे पात्र सांभाळण्याचे दायित्व परिचारकांवर, म्हणजे कुटुंबावर व वैद्यावर आहे. व्यवहारात मात्र "आनंदी राहा, चिंता करू नका" असे गर्भिणीलाच सांगून आपण मोकळे होतो.

शिरूर व दौंड तालुक्यांत चिंतेची कारणे भिन्न आढळतात. रांजणगाव वा कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त आलेल्या दांपत्याजवळ आई वा सासू नसते. गळीत हंगामात ऊसतोडणीसाठी येऊन कोपीत राहणाऱ्या गर्भिणीस विश्रांती नसते. कोणास पूर्वीच्या गर्भपाताचे भय, तर कोणावर मुलगाच व्हावा असा दबाव. या सर्वांस एकच उपदेश कसा लागू पडेल?

अमेरिकेतील मार्सी लोबेल व सहकाऱ्यांनी जोखमीच्या गर्भावस्थेतील १२९ स्त्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. ज्यांची वृत्ती सर्वांत कमी आशावादी होती, त्यांच्या बालकांचे जन्मवजन कमी आढळले. आशावादी स्त्रिया व्यायाम अधिक करीत आणि व्यायामाचा संबंध अकाली प्रसूतीचा धोका कमी असण्याशी दिसला. म्हणजे आशेचा लाभ काही अंशी आचरणाच्या द्वारे होत असावा. तथापि हा केवळ संबंध आहे. त्यावरून कोणत्याही मातेस दोष देऊ नये.

म्हणून प्रत्येक भेटीत तीन प्रश्न विचारावेत: झोप कशी लागते? कशाची चिंता वाटते? घरी मन मोकळे करण्यास कोण आहे? त्यानंतर प्रसूतीचे ठिकाण, सोबतीची व्यक्ती, पैशांची तजवीज व १०२ किंवा १०८ ची रुग्णवाहिका यांविषयी पती व सासूसमक्ष निश्चिती करावी. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेस शासकीय रुग्णालयांत विनामूल्य तपासणी होते, तीही सांगावी. अशा ठोस तयारीतून अनिश्चितता कमी होते आणि आशेस आधार मिळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील सुमारे १० टक्के गर्भिणींना मानसिक विकार, मुख्यतः अवसाद, होतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, अन्नद्वेष वा निद्रानाश असल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. आत्मघाताचे विचार बोलून दाखविल्यास विलंब न करता पाठवावे व तिला एकटी सोडू नये. टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे.

औषधालयचालकांनीही गर्भिणीने झोपेचे औषध मागितल्यास, ते वनस्पतिजन्य असले तरी, चिकित्सकाच्या सल्ल्याविना देऊ नये. मानसरोगावरील चालू औषध परस्पर बंद करण्यासही सांगू नये. गर्भिणीच्या मनातील भीती प्रथम आपल्या कानी पडावी, इतका विश्वास संपादन करणे हाच सौमनस्यजनन चिकित्सेचा आरंभ होय.