पाण्याखालचं माहेर

जिंतूरहून सेनगावच्या रस्त्याला लागलं, की पंधराएक किलोमीटरवर येलदरी येते. आपल्या भागात "येलदरीला जाऊन आलो" असं कुणी म्हणालं, की समजायचं, धरण बघायला गेले असतील, नाहीतर मासे खायला. माझीही ओळख तेवढीच होती. त्या दिवशी बचत गटाच्या बैठकीसाठी गेले आणि एका आजींनी मला वेगळीच येलदरी दाखवली.

बैठक आटोपून आम्ही दोघी-तिघी पाण्याच्या कडेला आलो. समोर नजर पोचेल तिथवर पाणी. मी म्हटलं, "काय सुंदर दिसतंय ना!" आजी बाजूलाच उभ्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या. पदर सावरत म्हणाल्या, "व्हय माय, दिसतंय चांगलंच. माझं माहेर हाय त्याच्याखाली."

मला पुढं बोलायलाच सुचेना.

आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून निघते आणि गोदावरीला जाऊन मिळते. तिच्या काठची ही गावं पिढ्यान्‌पिढ्या निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. येलदरीचं धरण याच नव्या दिवसांतलं. १९६८ मध्ये ते पूर्ण झालं. सव्वाचार किलोमीटर लांब, एक्कावन्न मीटर उंच आणि पोटात ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी! त्या काळात आपल्या परभणी जिल्ह्यात एवढं मोठं काम म्हणजे नवलच. काम काढायला बाहेरून माणसं आली, त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली. अजूनही लोक 'येलदरी कॅम्प' असंच म्हणतात. "कॅम्पात रात्रीबी दिवे जळायचे," आजी सांगत होत्या, "आन् आमच्याकडं चिमणी."

पण धरणात जसं पाणी चढलं, तशी नदीकाठची शेतं, वाडे, देवळं, पार, आड सगळं खाली गेलं. आजींचं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. माहेरच्यांनी दारं-खिडक्या, तुळया, जातं, उखळ असं जमेल ते बैलगाडीत भरलं. तुळशीवृंदावन आईला सोडवेना, तर तिनं त्यातली माती तेवढी पदरात बांधून नेली. भाऊ एकीकडे गेला, चुलते दुसरीकडे. पुढच्या पंचमीला सासरच्या सगळ्या सुना माहेरी निघाल्या. आजी म्हणाल्या, "मी पिशवी भरली आन् तशीच बसले. जावं कुठं? भावाचं नवं घर होतं, पण त्या घराला माहेराचा वासच नव्हता."

मैत्रिणींनो, आपल्या महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये आला. येलदरी त्याच्या आठ वर्षं आधीच भरायला लागली होती. मोबदला आला तो रोख, आणि आला तसा गेला. त्यातही सातबारावर नाव पुरुषांचं. घरच्या लेकीबाळींना कुणी विचारलं नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क आपल्या राज्यात १९९४ मध्ये मिळाला, आणि देशभर २००५ मध्ये. आजींच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. बुडालेल्या गावात त्यांचं काय गेलं, याची कागदावर कुठंच नोंद नाही.

हे सांगताना मला धरणाला नावं ठेवायची नाहीत. येलदरीच्या वीजघरात तीन संच आहेत, साडेबावीस मेगावॅटचे. त्यातून निघालेलं पाणी खाली औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी वसमत, पूर्णा, परभणीकडच्या शिवारात. तिकडचा ऊस, केळी, हळद यांच्यामागे हे पाणी आहे. परभणी शहरातल्या नळालाही येलदरीचंच पाणी येतं. आपण सगळ्या ते पितो. मग ज्यांनी जागा दिली, त्यांची आठवण ठेवायला काय हरकत आहे? जिंतूर तालुक्यातली कितीतरी शेतं आजही पावसाकडंच डोळे लावून असतात. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण इकडच्या बाईला समजावून सांगावी लागत नाही.

धरणानं नवं जगणंही दिलं. पाण्यावर भोई बांधवांची जाळी पडू लागली. रोहू, कटला विकून घरं चालली, बायका पाट्या घेऊन बाजाराला जाऊ लागल्या. आज त्यांच्या सुना बचत गटात सही करतात. बैठकीत व्याजाचा हिशेब त्यांनी तोंडी केला, मला कागद लागला!

निघताना आजींना विचारलं, "गाव पुन्हा कधी दिसलं का हो?" त्या म्हणाल्या, "दुष्काळात दिसतंय की." २०१६ च्या उन्हाळ्यात धरणानं तळ गाठला होता. तेव्हा नातवाच्या खांद्याला धरून त्या गाळातून चालत गेल्या होत्या. जोत्याचे चार दगड त्यांनी ओळखले. उजनीच्या पाण्यातलं पळसदेवाचं देऊळ असं वर आलं, की बघायला गर्दी होते. आजींच्या जोत्याला बघायला कोण येणार? पुढं २०२० च्या पावसाळ्यात धरण तुडुंब भरलं, दरवाजे उघडले. सगळा जिल्हा खूश. आजीही खूश. "पाणी पाहिजेच माय. पण ते भरलं की माझं दार बंद होतंय."

ते गाव डोळ्यांनी बघितलेल्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत. नेमगिरीची लेणी, चारठाण्याची देवळं दगडात टिकली. या गावांचं असं काही मागे राहिलं नाही, ती फक्त या आजींच्या तोंडी आहेत. म्हणून आम्ही गटात ठरवलंय, एक दोनशे पानी वही करायची. कुणाचं घर कुठं होतं, आड कुठं, जात्यावर काय म्हणत, पंचमीचा झोका कोणत्या झाडाला बांधत, सगळं लिहायचं. पहिलं पान आजींचं. त्यांनी सांगितलं, झोका चिंचेला असायचा, मारुतीच्या मागं.

तुमच्याही घरात, शेजारात अशी एखादी आजी असेल. या पंचमीला तिच्याजवळ जाऊन बसा. तिचं माहेर कसं होतं, तेवढं विचारा.