गोचीड दबा धरून बसते

गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. पाल्याच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते. त्याच पायांवरच्या इंद्रियाने आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हेरते आणि पोटरी घासली की चिकटते. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप हिच्याच चाव्यातून होतो, आणि तो आता दोडामार्ग-बांद्यातही आहे. काजूच्या हंगामात रानात हिंडणारी हिची पिल्लं तर तिळाएवढी! रानातून फिरून आलात की काखा, जांघा, गुडघ्यांमागची जागा तपासा. चिकटलेली दिसली तर रॉकेल, चटके असलं शहाणपण नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. आठवड्याभरात ताप आला, तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.