मुंबई ते जेद्दा : विमानात लांबणारा रोजा

रमजानमध्ये उमराहसाठी मक्केला जाण्याची अनेक मुस्लीम कुटुंबांची इच्छा असते. हजचे दिवस ठरलेले असतात. उमराह वर्षभर करता येतो. महाराष्ट्रातून जाणारे अनेक यात्रेकरू मुंबईहून विमानाने जेद्दाला उतरतात आणि पुढे रस्त्याने मक्का गाठतात.

मुंबई-जेद्दा हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर. थेट विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. परंतु रोजा धरून निघालेल्याला आणखी एक हिशेब ठाऊक असावा लागतो. रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत असतो. तो घड्याळाच्या तासांवर नव्हे, तर सूर्यावर चालतो.

जेद्दा मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 34 रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटे, म्हणजे तेथे सूर्य सुमारे सव्वादोन तास उशिरा मावळतो. मार्चच्या मध्यात मुंबईत सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो. त्याच दिवशी जेद्दात सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. मुंबईत सहरी करून दुपारी एकला निघालेला प्रवासी जेद्दाला पोहोचतो तेव्हा भारतात साडेसहा झालेले असतात, तर तेथील घड्याळात दुपारचे चार. घरची मंडळी इफ्तारला बसत असतात आणि त्याचा रोजा अजून अडीच तास बाकी असतो. सव्वातेरा तासांचा रोजा साडेपंधरा तासांचा होतो.

सायंकाळी विमानातच असणाऱ्यांचा गोंधळ अधिक होतो. खाली अंधार पडलेला दिसतो, पण उंचीमुळे खिडकीतून सूर्य दहा-पंधरा मिनिटे जास्त दिसत राहतो. शिवाय पश्चिमेकडे धावणारे विमान सूर्याचा पाठलाग करत असल्याने तो सावकाश मावळतो. अशा वेळी मुंबईची किंवा खालच्या शहराची वेळ धरायची नसते. विमानातून सूर्य मावळलेला दिसला की इफ्तार करायचा, असे उलेमा सांगतात.

पूर्वी हज यात्रेकरू ‘एम. व्ही. अकबरी’सारख्या जहाजांनी मुंबईहून जेद्दाला जात. दहा ते पंधरा दिवस लागत. सूर्यास्त रोज दहा-बारा मिनिटांनीच पुढे सरके आणि शरीराला सवय होई. 1995 पासून ही जलवाहतूक बंद झाली. आता तोच फरक एका दुपारी सोसावा लागतो.

वयस्कर आणि मधुमेही यात्रेकरूंनी म्हणूनच तिकीट काढतानाच विचार करावा. औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. मात्र घरी सहरी करून धरलेला रोजा वाटेत सोडता येतो का, यावर मतभेद आहेत. त्यामुळे आपल्या आलिमांना निघण्यापूर्वीच विचारलेले बरे. सवलत घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. ती अशाच दिवसांसाठी दिलेली आहे.

परतीच्या वाटेवर हिशेब उलटा होतो. पूर्वेकडे येताना सूर्य लवकर मावळतो आणि जेद्दात सहरी करून दिवसा निघालेल्याचा रोजा तेवढाच लहान होतो.