दीर्घिका कशा घडतात? निर्माता नाही, कारणे आहेत

बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच दीर्घिकांचा शोध लावला होता, असे संदेश आपल्या ग्रुपवर अधूनमधून फिरतात. ते पुढे पाठवू नयेत, असे आम्हाला वाटते. प्राचीन काळी विमाने होती म्हणणाऱ्यांना आपण हसतो. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? ऐकीव आहे म्हणून मानू नका, हे तर कालाम सुत्तच सांगते.

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. सुरुवातीला तारे नव्हते, तप्त द्रव्य सगळीकडे जवळपास सारखे पसरलेले होते. जवळपास म्हणायचे कारण, घनतेत लाखात एक भाग इतका फरक जागोजागी होता. तेवढा पुरला. जिथे द्रव्य किंचित जास्त तिथे गुरुत्वाकर्षण जास्त, म्हणून तिथे आणखी द्रव्य ओढले गेले. यात मोठा वाटा कृष्णपदार्थाचा. तो दिसत नाही, पण नेहमीच्या पदार्थाच्या पाचपटीहून अधिक आहे. त्याच्या पुंजक्यांत हायड्रोजन-हेलियमचा वायू उतरला, थंड झाला, आकसला, फिरता फिरता चपटा झाला आणि त्यात तारे पेटले. यालाच दीर्घिका म्हणतात.

पुढे लहान दीर्घिका एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या. आपल्या आकाशगंगेनेही सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी एक शेजारीण गिळली. तिचे तारे त्यांच्या वेगळ्या चालीवरून आजही ओळखू येतात. ताऱ्यांत तयार झालेले लोह स्फोटांतून बाहेर पडून पुढच्या ताऱ्यांत, ग्रहांत आले. आपल्या रक्तातले लोह तिथलेच. रक्ताच्या शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांच्या रक्तातलेसुद्धा! वायू संपला, किंवा केंद्रातल्या कृष्णविवराने तो तापवून उधळला, की नवे तारे जन्मणे थांबते. दीर्घिकाही अनित्यच.

सुबक सर्पिल दीर्घिका घडायला फार काळ लागतो, असा समज होता. २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ‘अलकनंदा’ शोधली. विश्व अवघे १५० कोटी वर्षांचे असतानाच तिला दोन रेखीव भुजा होत्या. त्याच वर्षी आणखी एक ठाम विधान डळमळले. देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेवर आदळणारच, असे पाठ्यपुस्तके सांगत. नव्या गणितानुसार पुढच्या १००० कोटी वर्षांत ही शक्यता निम्मीच आहे. पुरावा बदलला, निष्कर्ष बदलला, कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत.

याच केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण जुन्नर तालुक्यात खोडदला आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. विहारातल्या मुलांसाठी एक गाडी आतापासूनच ठरवता येईल.