साथीच्या दिवसांत उसने डॉक्टर

एका वाचकाने विचारले आहे, “कुठे मोठी साथ आली की परदेशी डॉक्टरांचे पथक आल्याची बातमी वाचतो. ही माणसे येतात कोठून?” प्रश्न मोलाचा आहे.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी आली, तेव्हा मी इंटर्न होतो. काही दिवसांत लाखो लोक सुरत सोडून निघाले. खानदेशातील कित्येक घरांचे पोट सुरतेवर; भुसावळकडे येणाऱ्या गाड्या खचाखच भरलेल्या असत. अमळनेर स्टेशनवर आम्ही उतरणाऱ्यांना ताप, खोकला विचारून टेट्रासायक्लिन देत होतो. आमचे हात पुरत नव्हते. खुद्द सुरतेतून अनेक खासगी डॉक्टरही निघून गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ पथक आले ते ऑक्टोबरात, साथ ओसरू लागल्यावर.

अशी मदत लवकर पोहोचावी म्हणून या संघटनेने २००० साली वैद्यकीय संस्था, प्रयोगशाळा, विद्यापीठे आणि सेवाभावी संस्थांचे एक जागतिक जाळे उभारले. एखाद्या देशाने मदत मागितली की जाळ्यातील संस्थांना निरोप जातो. त्या आपली माणसे काही आठवड्यांसाठी उसनी देतात. सर्वसाधारणपणे पगार मूळ संस्था देते. प्रवास व राहण्याचा खर्च जागतिक संघटना करते. यात केवळ डॉक्टर नसतात. रुग्णांचा माग काढणारे, नमुने तपासणारे, औषधांचा साठा सांभाळणारे आणि लोकांशी बोलणारेही असतात.

ही आपली इर्जिकच समजा. शेजारी बैलजोडी घेऊन येतो, पण शेत आपलेच असते. नांगर कोठे धरायचा ते आपणच सांगायचे. बाहेरच्या तज्ज्ञाला गावाची भाषा, नाती, भीती ठाऊक नसते. २०१४ साली इबोलाच्या साथीत गिनी देशात लोकांना माहिती द्यायला गेलेल्या पथकातील आठ जणांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांच्याजवळ माहिती होती, गावाचा विश्वास नव्हता. आपल्याकडे तो विश्वास आशाताई आणि नर्सबाईंनी कमावलेला असतो.

दुसरी बाजूही पाहा. २०२० साली करोनात केरळने डॉक्टर व परिचारिका मुंबईला धाडल्या, हे मोठे मन. पण माणूस उसना दिला की मागची जागा रिकामी होते. त्याच वर्षी मी कोविड केंद्रावर पाळी करीत असताना माझा दवाखाना बंद राहिला. माझ्या एका रुग्णाची रक्तदाबाची गोळी त्या काळात सुटली आणि त्याला अर्धांगवायू झाला. मदतीला जाण्यापूर्वी मागची सोय लावली पाहिजे, हे मी तेव्हा शिकलो.

वाचकांनी एवढे करावे. रोजची औषधे निदान महिनाभर पुरतील इतकी घरात ठेवावीत आणि औषधांची चिठ्ठी जपावी. गावात एकाच आजाराचे अनेक रुग्ण दिसले तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. आजार लपवू नये. २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार गंभीर साथीची शक्यता दिसताच देशाने चोवीस तासांत जगाला कळवायचे असते. पण देशाला कळणार ते गावाने सांगितले तरच. उसनी माणसे वेळेवर यायची असतील, तर पहिली हाक आपल्याच ओट्यावरून गेली पाहिजे.