फरशी झाडणारा यंत्रमानव का रुसतो?

आमची आई नाशिकला एकटी राहते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिला वाकून केर काढणे जमत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला फरशीवर आपोआप फिरणारा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दिला. पहिले आठ महिने सारे सुरळीत चालले. मग एके दिवशी तिचा फोन आला, "अरे, तुझा तो यंत्रमानव रुसलाय. जरा पुढे जातो, लगेच मागे येतो आणि जागच्या जागी गिरक्या घेतो." दुरुस्ती केंद्रात यंत्र तीन आठवडे पडून राहिले. अखेर 'मुख्य सर्किट गेले आहे' असे कळले. खर्च नव्या यंत्राच्या जवळजवळ निम्मा! त्या तीन आठवड्यांत आईने पुन्हा केरसुणी हाती घेतली आणि गुडघा सुजवून घेतला. आम्ही यंत्र न दुरुस्त करता परत आणले आणि उलटे करून पाहिले. बिघाड सर्किटात नव्हताच.

तो कोठे होता हे सांगण्यापूर्वी या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने २००१ साली 'ट्रायलोबाइट' नावाचा असा यंत्रमानव बाजारात आणला आणि २००२ साली अमेरिकेच्या आयरोबॉट कंपनीचा 'रूम्बा' आला. चाके, ब्रश, हवा ओढणारा पंखा, बॅटरी आणि हे सर्व चालवणारा छोटा संगणक अशी साधारण रचना असते. अलीकडच्या यंत्रांत लेसर किरणांनी खोलीचा नकाशा काढण्याची सोयही असते. जाहिरातीत भर असतो तो या 'बुद्धी'वर. परंतु यंत्र बंद पडते ते बहुधा बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे. फ्रिजचे यंत्र बंद पेटीत, धुळीपासून दूर चालते. हा बिचारा मात्र दिवसभर केरात लोळतो. जी धूळ गोळा करायची तीच त्याच्या सांध्यांत, डोळ्यांत आणि नाकात जाते.

आता डोळ्यांकडे वळू. यंत्राच्या तळाशी, कडेने, तीन-चार लहान खिडक्या असतात. प्रत्येकीत अवरक्त किरण सोडणारा एक दिवा आणि ते किरण टिपणारा एक संवेदक असतो. फरशीवरून परावर्तित झालेले किरण संवेदकावर पडले की यंत्राला कळते, 'खाली जमीन आहे'. किरण परत आले नाहीत तर पुढे जिन्याची पायरी आहे असे समजून यंत्र मागे फिरते. आईच्या यंत्राच्या खिडक्यांवर फोडणीच्या धुराचा तेलकट थर बसला होता आणि त्यावर धूळ चिकटली होती. त्यामुळे किरण धड बाहेर पडत नव्हते आणि परतही येत नव्हते. बिचाऱ्याला चारही बाजूंना दरी दिसत होती! मऊ कापडाने खिडक्या पुसल्या आणि यंत्र चालू लागले. या दुरुस्तीला चार मिनिटेही लागली नाहीत.

यात रचनाकाराची चूक झाली असे मात्र आम्हाला वाटत नाही. रेल्वेच्या जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली तर वजनाच्या भाराने हात आपोआप आडवा, म्हणजे 'थांबा' या स्थितीत येत असे. येथेही तेच तत्त्व आहे. संवेदक आंधळा झाला तर यंत्र जिन्यावरून कोसळण्याऐवजी जागीच थांबते. तक्रार एवढीच, की 'खिडकी पुसा' हे साधे वाक्य त्या केंद्रात कोणी उच्चारले नाही.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. टीव्हीच्या रिमोटमध्येही अवरक्त दिवाच असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून, विशेषतः पुढच्या, रिमोटकडे पाहून कळ दाबली तर पुष्कळदा जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. मग रिमोट टीव्हीकडे पाठ करून पांढऱ्या पुठ्ठ्यावर रोखावा. किरण उलटून टीव्ही चालू होतो का ते पाहावे आणि पुठ्ठ्याच्या जागी निरनिराळी काळी कापडे धरून पाहावीत. डोळ्याला काळे दिसणारे प्रत्येक कापड अवरक्त किरणांनाही काळे असतेच असे नाही. काही काळ्या सतरंज्यांवर हे यंत्र बिनदिक्कत चालते आणि काहींच्या काठाशी थबकते, त्याचे कारण हेच.

दुसरा नेहमीचा रोग केसांचा. फिरत्या ब्रशवर लांब केस आणि पायपुसण्याचा काथ्या गुंडाळला जातो आणि सरकत सरकत दोन्ही टोकांच्या बेअरिंगपाशी जाऊन घट्ट बसतो. घर्षण वाढते, मोटार मंदावते. मंदावलेल्या मोटारीत विरोधी विद्युतदाब कमी निर्माण होतो, म्हणून ती जास्त प्रवाह ओढते. प्रवाह दुप्पट झाला की वेटोळ्यातली उष्णता चौपट होते. शहाणे यंत्र हा वाढता प्रवाह मोजून थांबते, सामान्य यंत्र प्लास्टिक वितळेपर्यंत वाट पाहते.

पंख्याच्या मोटारीची गोष्ट अगदी उलट आहे. गाळणी धुळीने तुंबली की पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही. भार हलका होतो, साधी मोटार अधिक वेगाने फिरते आणि आवाज चढतो. घरातल्यांना वाटते, आज काय जोरात ओढतोय! प्रत्यक्षात केर जागच्या जागी असतो. एकाच पोटात दोन मोटारी, आणि अडथळा आला की एक मंदावते तर दुसरी सुसाटते. आमच्या मते उर्जेच्या धड्यासाठी इतके चांगले उदाहरण सहजी मिळणार नाही. आपल्याकडे रांगोळी हा गाळणीचा मोठा शत्रू आहे, कारण ती बारीक दळलेला दगडच असते. ओल्या फरशीवर यंत्र सोडणे त्याहून वाईट, कारण मग आत चिखल होतो.

आता थोडे गणित. समजा, यंत्राचे १२ भाग आहेत आणि प्रत्येक भाग महिनाभर बिनतक्रार चालण्याची शक्यता ९९ टक्के आहे. एकही अडला तरी यंत्र अडणार असेल तर सगळे यंत्र महिनाभर चालण्याची शक्यता ०.९९ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ८९ टक्के. भाग ३० असतील तर ती ७४ टक्क्यांवर येते. नवी सोय म्हणजे नवा भाग, हे विकत घेताना आठवावे. पण याहून महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. समजा, यंत्र सरासरी ६० दिवस चालून एकदा अडते. ते एका दिवसात दुरुस्त झाले तर ६१ पैकी ६० दिवस, म्हणजे ९८ टक्के काळ आपल्या कामी येते. दुरुस्तीला २० दिवस लागले तर ८० पैकी ६०, म्हणजे केवळ ७५ टक्के. यंत्र तेच, बिघाडही तितकेच. म्हणून आम्ही आता कोणी सल्ला विचारला तर यंत्र किती हुशार आहे हे न पाहता ब्रश हाताने निघतो का आणि चाके, गाळणी, बॅटरी सुटी मिळतात का, एवढेच विचारतो.

मोबाइलवरून चालणाऱ्या यंत्रांबाबत आणखी एक प्रश्न असतो. काही यंत्रांच्या बऱ्याच सोयी कंपनीच्या दूरच्या संगणकांवर अवलंबून असतात. लेसरने नकाशा काढणारी घरगुती यंत्रे करण्यात आघाडीवर असलेली निआटो ही कंपनी २०२३ साली बंद झाली. अशा वेळी चाके धडधाकट असूनही यंत्राचे भवितव्य आपल्या हाती राहत नाही. यंत्रावरच्या कळीने, मोबाइलविना ते चालते का, हे दुकानातच पाहून घेतलेले बरे.

बॅटरीबद्दल थोडक्यात. यंत्र 'चार्ज होत नाही' म्हणून बॅटरी बदलण्यापूर्वी यंत्राच्या आणि तळाच्या धातूच्या पट्ट्या कोरड्या कापडाने घासून पाहाव्यात. किनारपट्टीच्या दमट हवेत त्यांच्यावर पुटे चढतात. लिथियम बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नये. गावी जाताना ती साधारण अर्धी भरलेली असावी.

आईने आता रविवार ठरवला आहे. खुर्चीत बसून, मांडीवर जुने वर्तमानपत्र पसरून ती यंत्र उलटे घेते. जुन्या दातांच्या ब्रशाने गाळणी झटकते, कात्रीने केस कापून काढते, पुढचे लहान चाक उपसून त्याची दांडी पुसते आणि शेवटी त्या चार खिडक्या. सगळे मिळून दहा मिनिटे, तेही न वाकता. गेल्या महिन्यात त्याने पुन्हा गिरक्या घ्यायला सुरुवात केली होती म्हणे. आम्हाला फोन आला तो यंत्र सुरू झाल्यावर.