मुखपरिसरातील पिटिका : सर्वच मुखदूषिका नव्हेत

ओठांभोवती बारीक लाल पिटिका, दाह व किंचित कोंडा ही लक्षणे घेऊन येणारे रुग्ण नांदेड-लातूर परिसरातील वैद्यांना अपरिचित नाहीत. पुष्कळदा 'मुखदूषिका' असे निदान करून लेप दिला जातो आणि व्याधी अधिकच बळावतो. अर्वाचीन वैद्यकात यास पेरिओरल डर्मटायटिस म्हणतात.

व्यवच्छेदक निदान
सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत वर्णिलेली मुखदूषिका ही तारुण्यात येणारी, शाल्मलीकंटकासारखी, कफ-वात-रक्तजन्य पिटिका होय. तारुण्यपिटिकांत आढळणारी काळी टोके प्रस्तुत विकारात नसतात. पिटिका ओठ, हनुवटी व नाकाच्या बाजूंस पुंजक्याने येतात. ओठांच्या कडेलगतचा अरुंद पट्टा मात्र मोकळा राहतो. दाह व त्वचा ओढल्यासारखी वाटणे ही लक्षणे पाहता पित्त-रक्तप्राधान्य मानणे युक्त ठरते.

हेतू
स्टेरॉइडयुक्त क्रीमचा चेहऱ्यावरील वापर हा प्रमुख हेतू होय. शिकवणीसाठी लातूरच्या वसतिगृहात राहणारी एक विद्यार्थिनी मैत्रिणीच्या सांगण्यावरून 'गोरे होण्याचे' क्रीम चार महिने लावीत होती. लावले की लाली ओसरे, थांबविले की दुपटीने उसळे. हे चक्र ओळखणे म्हणजेच निदान. दाट प्रसाधने व फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचाही इतिहास विचारावा. दम्याच्या रुग्णाने श्वसनमार्गे घ्यावयाचे स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नये. मास्क वापरल्यानंतर चेहरा धुवावा.

चिकित्सा
१) निदानपरिवर्जन : सर्व क्रीम, प्रसाधने व साबण बंद करून केवळ साध्या पाण्याने चेहरा धुवावा. क्रीम थांबविल्यावर पहिले एक-दोन आठवडे लक्षणे वाढतात, हे रुग्णास आरंभीच सांगावे. अन्यथा तो पुन्हा त्याच क्रीमकडे वळतो. तीव्र क्रीम दीर्घकाळ वापरले असल्यास ते टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे.
२) बाह्योपचार : यष्टीमधु वा उशीर यांच्या गाळलेल्या शीत क्वाथाचा परिषेक पुरेसा होतो. वचा, सर्षप यांसारख्या तीक्ष्ण द्रव्यांचे लेप तसेच तेल-तूप टाळावे.
३) आभ्यंतर : सारिवा, मंजिष्ठा, गुडूची यांचा क्वाथ, बल व कोष्ठ पाहून मृदू विरेचन.
४) पथ्य : लोणचे, ठेचा, अतिलवण व आंबलेले पदार्थ वर्ज्य.

पूर्ण उपशमास काही आठवडे ते काही महिने लागू शकतात. डोळ्यांभोवती प्रसार, पूय किंवा ज्वर दिसल्यास, तसेच बालक व गर्भिणी यांच्या बाबतीत, विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंस
मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने बाह्यप्रयोगाची १४ स्टेरॉइडे शेड्यूल एचमध्ये आणली. चिठ्ठीविना त्यांची विक्री करता येत नाही. घटकद्रव्ये न छापलेले, 'आयुर्वेदिक' म्हणून येणारे व चार दिवसांत गुण दाखविणारे क्रीम संशयास्पदच मानावे. असे क्रीम आपल्या दुकानातून गेल्यास रुग्णाच्या चेहऱ्याची हानी होते आणि दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी येतो. तेव्हा वैद्याने इतिहास विचारावा व विक्रेत्याने चिठ्ठी मागावी. या विकाराचा प्रतिबंध यातच आहे.